सभापती अंकलचं एक मत

त्या माणसाला स्वस्थ बसलेलं मी फक्त एकाच खुर्चीत पाहिलं. एरवी त्यांचे पाय एका जागी ठरत नसत. बसची वाट बघतानाही ते थांब्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि टाकीपासून थांब्यापर्यंत येरझाऱ्या घालत. बऱ्याचदा ते टाकीच्या टोकाला असतानाच बस येऊन निघून जाई. मग आमच्या घरावरून परतताना आईला ओरडून सांगत, "बस बिफोर टाइम सुटली! मी लेखी तक्रार देणार आहे!" तक्रार ते खरोखरच देत. तिची एक प्रत मोशावच्या कचेरीत माझ्या टेबलावर येई, कारण तिथली टायपिस्ट मी होते.

सगळे त्यांना सभापती अंकल म्हणत. समोरसुद्धा. त्यांना त्यात थट्टा दिसली नाही, की दिसूनही चालली, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मोशाव म्हणजे सहकारी शेतीचं गाव. आमचा मोशाव इस्राएलच्या दक्षिणेला, येरुहाम गावाच्या अलीकडे, डांबरी रस्त्यापासून आत, रेताड माळावर होता. प्रत्येक घराला वसाहत खात्यानं दिलेला जमिनीचा तुकडा आणि कोंबड्यांची एक शेड. गावचा कारभार गावकऱ्यांच्या सभेनं चालवायचा, तिला असेफा म्हणायचं. राहणारे सगळे आपले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, मुंबई, ठाणे आणि अलिबागकडून आलेले. कारकून होते, रेल्वेचे फिटर होते, दोन नर्स होत्या, एक पोस्टमन होता. शेतकरी एकही नव्हता. पहिल्या वर्षी आमच्या टोमॅटोंना फळं धरली तेव्हा माझे वडील इतके चकित झाले की शेजाऱ्यांना बोलावून आणून दाखवली. एकोणीसशे सत्तरच्या अलीकडचा काळ तो.

सभापती अंकल मुंबईला कौन्सिल हॉलात नोकरीला होते. काय म्हणून, यावर गावात दोन तट होते. एक म्हणायचा कारकून, दुसरा म्हणायचा की ते आमदारांच्या पुढ्यात पाण्याचे ग्लास भरून ठेवायचे. त्यांना विचारलं तर म्हणत, "मी सभागृहाच्या आत होतो. बाहेर नव्हतो. इतकं पुरे."

आत राहून त्यांनी काय काय टिपलं होतं ते असेफाच्या वेळी दिसे. अध्यक्षाच्या टेबलाला त्यांनी सायकलची घंटी स्क्रूनं घट्ट बसवली होती. वाळवंटातल्या मे महिन्यात अंगात काळा कोट. सूचक, अनुमोदक, चर्चा, मत, याच क्रमानं सगळं. कोंबड्यांच्या खाद्याची ऑर्डर एक आठवडा आधी द्यायची, एवढ्या ठरावाला दोन तास लागत. कोणी शेजाऱ्याकडे वळून बोललं की घंटी वाजे. "माझ्याकडे बघून बोला. तो तुमचा मेव्हणा असेल घरी. इथे तो सन्माननीय सभासद आहे."

एकदा वसाहत खात्याचा मद्रिख, म्हणजे आमच्यावर नेमलेला मार्गदर्शक, खाकी हाफपँटीत सभेच्या मध्येच उभा राहून हिब्रूत बोलायला लागला. अंकलनी घंटी वाजवली. तो बोलतच राहिला. तो थांबेपर्यंत अंकल घंटी वाजवत राहिले. मग अत्यंत नम्रपणे म्हणाले, "पाहुण्यांचं स्वागत आहे. पाहुण्यांची जागा मागे आहे." मागच्या भिंतीला त्यांनी खास एक बाक टाकला होता आणि त्यावर खडूनं 'प्रेक्षक' असं लिहिलं होतं, मराठीत आणि खाली हिब्रूत. ज्या माणसाच्या सहीशिवाय आम्हाला पाण्याचा एक नळ मिळत नसे, तो मुकाट्यानं त्या बाकावर जाऊन बसला. गावाची छाती त्या दिवशी दोन इंच फुगली. दुसऱ्या दिवशी नळाचा अर्ज परत आला, हे वेगळं.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि माझं कशातच लक्ष लागत नव्हतं. ठाण्याच्या शाळेत पहिली आलेली मुलगी इथे अंड्यांच्या पावत्या टाइप करत होती. गावातून दर महिन्याला कोणी ना कोणी निघून जाई, कोणी बेरशेबाला, कोणी लोदला, आणि ट्रकवर चढवलेल्या त्यांच्या गाद्या पाहिल्या की मी ट्रक दिसेनासा होईपर्यंत बघत राही. दुपारी वाऱ्यानं खिडक्यांच्या झडपा आपटायला लागल्या की वाटे, आता उठावं आणि चालत सुटावं. सभापती अंकलवर माझा विशेष राग. त्यांचं इतिवृत्त मला टाइप करावं लागे. 'श्री. अमुक संतापून बोलले' असं लिहिलं तर ते खोडायचे. "संतापले ते तुला दिसलं. ते बोलले काय ते लिही." एकेक पान चार-चारदा.

अशात माझे वडील गेले. दोन दिवसांचा ताप, बेरशेबाचं इस्पितळ, आणि संपलं.

शिवाचे, म्हणजे सुतकाचे, सात दिवस पाळून आई उठली ती सरळ कोंबड्यांच्या शेडमध्ये गेली. ठाण्याला असताना जी बाई बाजारातली कोंबडी दुसऱ्याकडून धरून घ्यायची, ती आता एका हातात दोन-दोन धरायला लागली. पहाटे पाणी, मग खाद्य, मग अंडी, मग टोमॅटो. मी तिला रडताना पाहिलं नाही. फक्त काम करताना ती वडिलांशी बोलायची, हळू आवाजात, काय झालं नि काय राहिलं ते सांगायची.

चार महिन्यांनी खात्याचं पत्र आलं. पुरुष नसलेल्या घराला शेतीचा घटक, म्हणजे घर, जमीन आणि शेड, झेपत नाही, सबब विधवेला येरुहाममध्ये फ्लॅट द्यावा आणि तिचा घटक प्रतीक्षेतल्या दुसऱ्या कुटुंबाला द्यावा, अशी शिफारस. निर्णय गावच्या असेफानं घ्यायचा. आणि प्रतीक्षेत पहिलं नाव होतं सभापती अंकलच्या मुलीचं.

ती येरुहामला राहायची. नवरा कारखान्यात पाळीवर, दोन खोल्या, दोन लहान मुलं आणि सासू. अंकलची ती एकुलती एक. दर शब्बाथला, शनिवारच्या सुट्टीला, ती पोरांना घेऊन यायची आणि संध्याकाळी निघताना रस्त्यापर्यंत वळून वळून बघायची. तिला जागा मिळावी असं कुणाला वाटलं नसतं? मलाही वाटत होतं.

आई पत्र ऐकून एवढंच म्हणाली, "मी नाय हलणार. त्यांनी खणलंय हे सगळं."

अंकल स्वतः आमच्याकडे आले, कोट घालून. बसले नाहीत. दारापासून मोरीपर्यंत फिरत म्हणाले, "वहिनी, माझ्या पोरीचा इंटरेस्ट आहे यात. मी त्या दिवशी खुर्ची सोडतो. दुसऱ्याला अध्यक्ष करा."

आई म्हणाली, "दुसरा कोण करील? घंटी कोणाला वाजवता येते?"

ती थट्टा करत नव्हती. गावानंही तेच म्हटलं. त्यांचा एकदाही कंटाळा आलेला नाही असा माणूस गावात नव्हता, पण त्यांच्याशिवाय सभा कशी चालते ते कुणाला माहीतच नव्हतं.

मत हात वर करून घ्यायचं नाही, हे त्यांनी ठरवलं. त्याला कारण होतं. आमच्या गावात सर्वांत म्हाताऱ्या माणसाचा हात वर गेला की बाकीचे सगळे हात आपोआप वर जात. वडीलधाऱ्याच्या देखत उलट हात कोण करणार? चिठ्ठ्या लिहायच्या तर निम्म्या बायकांना लिहिता येत नव्हतं. मग अंकलनी तोड काढली. प्रत्येकाला एक वाल आणि एक चणा. बाईनं राहावं असं वाटत असेल तर पडद्याआड ठेवलेल्या बिस्किटाच्या डब्यात वाल टाकायचा, जावं असं वाटत असेल तर चणा. उरलेला दाणा कोंबड्यांच्या बादलीत. वाल त्यांच्या बहिणीनं रेवदंड्याहून पाठवलेले होते. आमच्याकडे वाल म्हणजे चैन. बेरशेबाच्या कुठल्या दुकानात वाल मिळणार?

अठरा पूर्ण झालेल्या प्रत्येकाला मत, हाही त्यांचाच जुना हट्ट. म्हणून मलाही एक वाल आणि एक चणा मिळाला.

पडद्याआड मी किती वेळ उभी होते कोण जाणे. अंकल बाहेरून खाकरले. मला येरुहामचा फ्लॅट दिसत नव्हता, मला त्याच्या पुढचं दिसत होतं. आई एकदा फ्लॅटमध्ये बसली की मी मोकळी. यरुशलेम, कचेऱ्या, रस्त्यांवर माणसं. शेड असेपर्यंत मी त्या शेडला बांधलेली. मी चणा टाकला. आईच्या विरुद्ध. वाल कोंबड्यांच्या बादलीत टाकला आणि बाहेर येऊन आईच्या शेजारी बसले. तिनं माझा हात धरला.

वाल सतरा, चणे सोळा. आई राहिली.

लगेच एका शेजाऱ्यानं हरकत घेतली. डबा उघडताना दाणे टेबलावर सांडले होते, पुन्हा मोजणी पाहिजे, आणि तीही मद्रिखच्या समोर. सभेनं ते मंजूर केलं. पुढच्या मंगळवारी फेरमोजणी ठरली. तोवर अंकलनी डब्याला चिकटपट्टी लावली, तिच्यावर सही केली आणि डबा आपल्या घरी कपाटावर ठेवला.

आता जे झालं ते फक्त आमच्याच लोकांत होऊ शकतं. सोमवारी त्यांच्या घरी लोदहून जावयाकडचे पाहुणे यायचे होते. अंकलच्या बायकोनं, आम्ही त्यांना आंटी म्हणायचो, शनिवार मावळल्यावर तो डबा खाली काढला, वाल निवडून घेतले आणि भिजत घातले. रविवारी फडक्यात बांधून ठेवले. सतरा वालांचं काय बिरडं होणार? पण घरात होते त्यांत हे घालून वेळ भागवायची होती. सोमवारी सकाळी अंकलनी फडकं सोडलेलं पाहिलं, तेव्हा मतांना चांगले पेरभर मोड आले होते.

त्यांचा आवाज आमच्या शेडपर्यंत आला. "हे काय केलंस? ही मतं आहेत!"

आंटीचाही आवाज आला. "मोजून झाली ना? निकाल लागला ना? मग आता ते वाल आहेत!"

नशीब, दोन्हीकडचे वाल वेगवेगळ्या जातीचे होते. घरचे, पूर्वी मुंबईहून आणलेले, लहान आणि तांबूस, बहिणीचे मोठे आणि पांढरट. पाहुणे आले, गेले, त्यांना बटाट्याची भाजी मिळाली. अंकलनी दिवसभर खपून मतं वेगळी केली.

दुसरा कोणी असता तर डबा हरवला म्हणाला असता. मंगळवारी चार वाजता अंकल ते मोडाचे वाल ताटलीत घेऊन सभेत आले. वरती ओलं फडकं. काळा कोट. मागच्या बाकावर मद्रिख आणि त्याच्या शेजारी अंकलची मुलगी नवऱ्यासह बसली होती. अंकलनी झालं ते सगळं जसंच्या तसं सांगितलं, बायकोचं नाव घेऊन. मग मोजायला सुरुवात केली. मोड तुटू नयेत म्हणून एकेक वाल दोन बोटांनी उचलून ठेवत होते. चणे सोळा. वाल सोळा.

सभेत गलका झाला. घंटी. अंकलनी बायकोला उभं केलं.

"सन्माननीय सभासदांनी सांगावं, सतरावा वाल कुठे आहे?"

"किडका होता एक. फेकला मी तो."

"नक्की एकच?"

"एकच. शपथ घेऊ?"

माझ्या आईच्या बाजूनं दोघं-तिघं ओरडले, मग सतराच धरा की! अंकल म्हणाले, "मोजणी नव्यानं घ्यायची असं सभेनं ठरवलं. जे मत सभेसमोर नाही ते मला मोजता येत नाही. समसमान मतं."

म्हणजे आता अध्यक्षांचं मत. आतापर्यंत त्यांनी मत दिलेलं नव्हतं. अध्यक्ष फक्त बरोबरी झाली तरच मत देतो हा त्यांचाच नियम. गाव काय समजायचं ते समजून चुकलं. वाल त्यांच्या घरी भिजला, त्यांच्या बायकोनं फेकला, आणि आता पोरीला जमीन द्यायला बाप मोकळा. कोणीतरी थुंकलंसुद्धा. आईनं या वेळीही धरलेला माझा हात सोडला आणि पदर सारखा केला, उठून जायची तयारी असावी तशी.

मला तेव्हा उठून सांगता आलं असतं. माझा चणा चुकला, मला बदलायचाय. मी कागदावर 'समसमान मतं' असं लिहून घेतलं.

मागून त्यांची मुलगी उभी राहिली. "बाबा, मला बोलायचंय."

अंकलनी घंटीवर हात ठेवला, वाजवली नाही. "प्रेक्षकांना बोलता येत नाही, बाय. बस."

ती उभीच राहिली. अंकल तिच्याकडे न बघता समोर बघून म्हणाले, "मी ज्या सभागृहात होतो तिथली रीत सांगतो. समसमान मतं पडली म्हणजे घर बदलायला सभेचं बहुमत नाही. जिथे बहुमत नाही तिथे अध्यक्ष स्वतःच्या मर्जीनं बदल करत नाही. आहे तसं ठेवतो. माझं मत वालाला." आणि मग, रोजच्या आवाजात, "वहिनी, तुम्ही तुमच्या घरीच राहणार. सभा संपली."

मुलगी नवऱ्याचीही वाट न बघता बाहेर पडली. तिच्या पाठोपाठ आंटी गेल्या, डोळ्यांना पदर लावून. अंकल खुर्चीतच बसून राहिले. खोली रिकामी झाली तरी उठले नाहीत. मी कागद गोळा करत होते. म्हणाले, "इतिवृत्तात मुलीचं बोलणं लिहू नकोस. ती सभासद नव्हती."

पुढल्या शब्बाथला प्रार्थनेनंतर सगळे नेहमीप्रमाणे एकमेकांचे हात हातात घेऊन बोटं ओठांना लावत होते. अंकलनी हात पुढे केले ते त्यांच्या जावयानं घेतले. मुलगी आलीच नव्हती. महिन्याभरात ती दोघं एलातला निघून गेली, हॉटेलात कामाला. ती पुन्हा मोशावावर आली नाही. फक्त आंटी वारल्या तेव्हा आली, तीही कबरस्तानातून परस्पर गेली.

आणि आमचं काय झालं? सांगायला लाज वाटते. वर्षभरात मी यरुशलेमला नोकरी धरली. आईला सोडून. तिनं आणखी दोन वर्षं एकटीनं शेड चालवली, मग गुडघे गेले आणि ती माझ्याकडे राहायला आली. घर कुठल्या तरी परक्या कुटुंबाला मिळालं. ज्या घरासाठी अंकलनी मुलगी गमावली ते घर तीन वर्षांत असं गेलं.

यरुशलेममध्येही मी एका जागी राहिले नाही. तीन नोकऱ्या, पाच भाड्याच्या खोल्या, एक लग्न. आई मला म्हणायची, तुझ्या पायाला काय चाक आहे? चण्याचं तिला मी कधीच सांगितलं नाही. ती गेल्यावर मला राहवेना. मी बस बदलत बदलत मोशावावर गेले. अंकल आता एकटे होते, पार थकलेले, तरी अंगणात फेऱ्या घालत होते. मी त्यांच्याबरोबर चालता चालता सांगून टाकलं.

"अंकल, मी चणा टाकला होता. मी वाल टाकला असता तर बरोबरी झालीच नसती. तुमच्यावर ती पाळीच आली नसती."

ते थांबले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मत गुप्त असतं," ते म्हणाले. "मला सांगायचं नव्हतंस." थोडं चालले, परत थांबले. "आता सांगितलंच आहेस, तर एक काम कर. एलातला जा. तिला सांग, बरोबरी झाली होती. मला दुसरं काही करता येत नव्हतं. माझं पत्र ती उघडत नाही."

त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. मी गेले. अख्खा दिवस बसमध्ये, वाळवंटातून. हॉटेलच्या मागच्या बाजूला, चादरींच्या ढिगाशेजारी ती भेटली. केस पांढरे झालेले. तिचा मुलगा काहीतरी विचारायला आला, हिब्रूत, तिनं त्याला मराठीत पिटाळलं. मी माझा चणा सांगितला, बरोबरी सांगितली, नियम सांगितला. ती चादरीच्या घड्या घालत ऐकत होती.

"बाबांचं बरोबर होतं," ती म्हणाली. "ते मला तेव्हाच माहीत होतं. नियम त्यांनी मला लहानपणीच शिकवले होते, जेवताना." मग घडी घालायची थांबली. "पण मी त्या बाकावर बसली होती ना, तेव्हा मला वाटलं, सगळ्या गावाचं काय व्हायचं ते होऊ दे, एक मत तरी माझं आहे. एकच. माझ्या बापाचं."

मी परत येताना मोशावावर उतरले. अंकल थांब्यावरच होते, टाकीकडे गेलेले नव्हते.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, बाबांचं बरोबर होतं."

"असं म्हणाली?"

"हो."

"तिच्या तोंडानं?"

"हो, अंकल."

त्यांनी मान हलवली. पुढचं काही मी सांगितलं नाही. ते थांब्याच्या दगडावर खाली बसले, आणि माझी बस येऊन मी तिच्यात चढून निघून गेले तरी तसेच बसून होते.